वहिनीचा ‘घे’

कानामागून आली नि तिखट झाली, ही म्हण ज्या कोणी बाईनं पहिल्यांदा काढली तिला नक्की भावजय असणार. मलाही आहे. माझ्या धाकट्या भावाची बायको. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे खरं तर नावानंच हाक मारायची. पण लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला चेष्टेनं ‘वहिनी’ म्हटलं आणि ते चिकटलं. आता अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणतं. तीही कमी नाही, सगळ्यांसमोर मला ‘वन्सं’ म्हणते. आमच्या समोर बसून प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टिंगवाल्याला वर्षभर वाटत होतं की ते माझं आडनावच आहे.

आणि तिला ऑफिसात आणलं कोणी? मीच. जागा रिकामी होती, पोरगी हुशार होती, भाऊ म्हणाला, ‘ताई, एक शब्द टाक ना.’ टाकला. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला काही फार अक्कल लागत नाही.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर एक क्रमांक असतो आणि पेशंटच्या अर्जावर एक. तपासणीच्या यंत्रातून आकडे निघतात. कुठला रिपोर्ट सरळ पाठवायचा, कुठला डॉक्टरांकडे अडवायचा, याचे नियम लॅबमधले टेक्निशियन कॉम्प्युटरला लिहून देतात. ते नियम ज्या भाषेत लिहितात ती भाषा मी बनवली आहे. अकरा वर्षांपूर्वी, एकटीनं, जिची एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते अशा खोलीत बसून. टेक्निशियन काही प्रोग्रामर नसतात, म्हणून भाषेतले शब्द रोजच्या बोलण्यातले ठेवले. आज सत्तर लॅब ती वापरतात. भाषा माझी आहे. होती म्हणा.

हे सगळं मी आईला अकरा वर्षं सांगत आले. तिच्या लेखी ते ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’. आई भावाकडे राहते. एका रविवारी मी तिथं गेले होते, वहिनी भाजी चिरत होती, आणि आईनं सहज विचारलं की तुम्ही दोघी दिवसभर करता काय. वहिनीनं सुरी खाली ठेवली नाही की काही नाही. म्हणाली, “आई, समजा समोरून एक कप्प्यांचा डबा येतोय. आपण आधीच सांगून ठेवायचं, दोन कप्पे असतील तरच डबा आत घ्या. पहिल्या कप्प्यात माझ्या हातातल्या वाटीत आहे तेच हवं. दुसऱ्यात जे काही असेल ते एका नव्या वाटीत काढून ठेवा. या सांगण्याला आम्ही साचा म्हणतो. वन्संनी ते सांगायची भाषा केली आहे.”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “एवढंच होतं होय? मग तू इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तडक घरी आले आणि येताना छत्री तिथंच विसरले, ती आणायलाही पंधरा दिवस गेले नाही.

तर भांडण या वाट्यांचंच. साच्यात आपण एक नाव लिहितो. त्या नावाचा अर्थ काय घ्यायचा? ‘या नावाची वाटी आधीपासून आहे, तिच्यात आहे तेच इथं हवं,’ असा, की ‘या नावाची नवी वाटी घे आणि इथं असेल ते तिच्यात काढ,’ असा? माझ्या भाषेत नुसतं नाव लिहिलं की नेहमी नवी वाटी. जुन्याशी ताडून पाहायचं असेल तर नावाआधी ‘=’ हे बरोबरचं चिन्ह लावायचं. सुटसुटीत. मला तरी तसं वाटायचं.

मागच्या महिन्यात एका लॅबमधल्या बाईंनी नियम लिहिला, की नळीचा क्रमांक अर्जावरच्या क्रमांकाशी जुळला तरच रिपोर्ट सोडा. अर्जाचा क्रमांक ‘क्रमांक’ या नावात आधीच होता. त्यांनी साचा लिहिला ‘नळी(क्रमांक, गट)’, गट म्हणजे रक्तगट. चिन्ह लावायचं राहिलं. झालं. यंत्रानं, म्हणजे कॉम्प्युटरनं, ‘क्रमांक’ नावाची नवी वाटी काढली, नळीवर जो असेल तो क्रमांक तिच्यात घातला आणि सांगितलं, जुळलं. दोन दिवस कुठलीही नळी कुठल्याही अर्जाशी जुळत होती. खिडकीवरच्या बाई रिपोर्ट देताना डोळ्यांनीही क्रमांक बघतात, म्हणून निभावलं.

मी म्हणाले, “मॅन्युअलच्या चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे. वाचायला नको?”

वहिनीनं तो नियम आपल्या वहीत उतरवून घेतला. मला तिचं हे उतरवून घेणं माहीत आहे. सोमवारी तिनं आठ पानांचा प्रस्ताव आणून ठेवला, सोबत चालवून बघण्यापुरता प्रोग्रामही. नुसतं नाव लिहिलं की ते नेहमी जुनंच, ताडून पाहायचं. नवी वाटी हवी असेल तर तिच्याआधी ‘घे’ लिहायचं. ‘नळी(क्रमांक, घे गट)’. आणि ‘घे’ विसरलात, तर त्या नावाचं आधी काहीच नसल्यामुळे यंत्र तिथल्या तिथे अडतं आणि विचारतं, हे कोण? विसरायचं तर तिच्याकडेही विसरता येतं, पण ते लपून राहत नाही.

आठ पानं मी जिन्यात उभ्या उभ्या वाचली. मग दोन दिवस त्यांत चूक शोधत होते. सापडली नाही. एखादं शुद्धलेखन तरी चुकायचं होतं माणसानं.

आमच्या साहेबांना सगळे ‘बघूया’ म्हणतात, कारण ते दुसरं काही म्हणतच नाहीत. पण या वेळी बघूयांनी चक्क निर्णय घेतला. सोळा टेक्निशियन बोलवायचे. प्रत्येकाला माझ्या पद्धतीतले दहा नियम द्यायचे आणि वहिनीच्या पद्धतीतले दहा. हा नियम काय करतो, ते चार पर्यायांतून ओळखायचं. जिची पद्धत लोकांना नीट कळेल तिची नव्या आवृत्तीत, आणि नवी आवृत्ती तीच चालवेल. “गुण मोजायचा प्रोग्राम,” बघूया म्हणाले, “जिनं तिनं आपापल्या पद्धतीत लिहायचा. तीही एक परीक्षाच झाली.”

म्हणजे हरले तर माझी भाषा वहिनीच्या हाताखाली. अकरा वर्षं माझी, आणि उद्या मी तिला विचारायचं, वहिनी, हे बदलू का. या विचारानं मला जेवण जाईना. लोक म्हणतात मत्सर वाईट. वाईट आहेच. पण तो सकाळी आपल्याआधी उठून बसलेला असतो, त्याला काय करणार?

मोजणी मी वीस मिनिटांत लिहिली. वहिनीला पाऊण तास लागला. तिला दोनदा यंत्रानं अडवलं, दोनदा तिचा ‘घे’ राहिला होता. मी माझ्या जागेवरून बघत होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

निकाल आला. एकशे साठ उत्तरांपैकी माझ्या पद्धतीत बरोबर एकशे सत्तावन्न. तीन जणांनी एकेक प्रश्न कोरा सोडला होता, तेवढेच गेले. वहिनीचे एकशे एकोणपन्नास.

ते दोन दिवस मी कशी होते ते माझं मलाच माहीत. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांकडे बघून हसत होते. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “बरं झालं. तिला वाईट वाटलं असेल ना गं?” तेही मी सोडून दिलं, इतकी खूश होते.

शुक्रवारी तीनला बैठक होती. निकालावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. बारा वाजता मी टेक्निशियननी शेवटी लिहिलेले अभिप्राय वाचायला घेतले. गरज नव्हती. माझ्या पद्धतीचं कोणी कौतुक केलं असेल तर बैठकीत वाचून दाखवावं, एवढाच हेतू. अकरा नंबरच्या बाईंनी लिहिलं होतं, “पहिल्या दहा नियमांतलं मला काही कळलं नाही. सगळीकडे क वर खूण केली आहे. माफ करा.”

पहिले दहा म्हणजे माझे. बाईंचे गुण बघितले. दहापैकी दहा.

बरोबर उत्तरं मी स्वतः चारही अक्षरांवर वाटून ठेवली होती. सगळीकडे क लिहून कोणालाही तीनच्या वर मिळू शकत नव्हते. मी माझा प्रोग्राम उघडला. वर उत्तरसूचीतलं उत्तर ‘बरोबर’ या नावात ठेवलेलं. खाली साचा, ‘उत्तर(प्रश्न, बरोबर)’, आणि जुळलं तर एक गुण.

चिन्ह नव्हतं.

मला ताडून पाहायचं होतं. यंत्रानं नवी वाटी काढली आणि अ असो, ब असो, जे आलं ते तिच्यात घालून म्हणालं, जुळलं. कोरी उत्तरं मी आधीच वेगळ्या नियमानं बाजूला काढली होती, म्हणून तेवढी तीन सुटली. बाकी ज्यानं काहीही लिहिलं तो पास. ज्या बाईंनी चौथं पान वाचायला हवं होतं असं मी म्हणाले होते, त्यांचीच चूक, तशीच, जशीच्या तशी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसलं मला.

चिन्ह घातलं. पुन्हा चालवला. एकशे तीन.

आता खोटं कशाला बोलू? मी ते चिन्ह परत पुसलं. फाईल बंद केली, पाणी प्यायले, जागेवर येऊन बसले. माझा प्रोग्राम कोण बघणार होतं? बघूया तर कधीच काही बघत नाहीत. टेस्टिंगवाल्याला वेळ नव्हता. राहता राहिली वहिनी. तिनं बघितला असेल का, ही शंका आली आणि बूड टेकवेना. उठून तिच्या टेबलाशी गेले.

ती काहीतरी टाइप करत होती. मला बघून तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. “वन्सं, बरं झालं आलात. बैठकीआधी हे तुम्ही वाचा.”

प्रस्ताव मागे घेत असल्याचं पत्र होतं ते. सहा ओळी. माझा अंदाज चुकला, लॅबमधल्या लोकांना जुनी पद्धत जास्त नीट कळते हे आकड्यांवरून दिसतं, आधी लोकांना न विचारता मी आठ पानं लिहायला नको होती. कुठं रडगाणं नाही, कुठं टोमणा नाही.

“तू माझा प्रोग्राम बघितलास का?” मी विचारलं.

“कशाला? तुम्ही लिहिलाय ना.” मग खुर्ची थोडी पुढे घेऊन ती म्हणाली, “मला एकच सांगा. त्या बाईंची चूक बघून मला खात्री होती की हे लोकांना कळत नाही. मग या सोळांना कळलं कसं? तुम्हाला काहीतरी दिसतं जे मला दिसत नाही. निवांत कधीतरी समजावाल?”

ती खरंच विचारत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे खोच आहे का ते शोधत. नव्हती. आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. माझ्यावर ही वेळ आली असती तर मी दारं आपटली असती, आकडे तीन वेळा तपासले असते, भावाला फोन करून त्याच्या बायकोचे वाभाडे काढले असते. हिला हरायचंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मी जिंकून असं कुढत बसले होते, आणि ही हरून शिकायला तयार.

“पत्र पाठवू नकोस,” मी म्हणाले, आणि परत जागेवर आले.

बैठकीत चौघं होतो. बघूया, वहिनी, टेस्टिंगवाला आणि मी. बघूयांनी एकशे सत्तावन्न हा आकडा मोठ्या अक्षरांत छापून आणला होता. ते बोलायला लागायच्या आत मी माझा प्रोग्राम भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथं चिन्ह राहिलंय,” मी म्हणाले. “खरा आकडा एकशे तीन आहे. मला दुपारी कळलं. कळल्यावर मी ते झाकूनही ठेवलं होतं, अडीच तास. लिहून घ्यायचं असेल तर तेही घ्या.”

टेस्टिंगवाल्यानं ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, “मला तर अजून दिसत नाहीये चूक.” बघूया म्हणाले, “बघूया.” आणि खरोखरच चष्मा काढून, पुसून, बघायला लागले.

वहिनी हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “वन्सं, असं कोणाचंही होतं. मीसुद्धा असंच लिहिलं असतं.”

“नसतं लिहिलं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “दोनदा लिहायला गेलीस आणि दोन्ही वेळा यंत्रानं तुला अडवलं. मी बघत होते. तुझ्या पद्धतीत ही चूक लपवताच येत नाही.”

बोलून झाल्यावर कळलं की मी काय बोलले. अकरा वर्षांच्या भाषेवर मी स्वतःच निकाल दिला होता. बघूयांनी मोठ्या अक्षरांतला तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ‘घे’ एवढंच लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर वहिनी मागून आली. म्हणाली, पद्धत नवी असू दे, पण आवृत्ती तुम्हीच चालवा, मी साहेबांना सांगते, घरात उगाच कशाला.

“खबरदार,” मी म्हणाले. “तू चालवायची. मला तुझा हेवा वाटतो, तो मला नीट वाटू दे. त्यात वर तुझे उपकार नकोत.”

“बरं,” ती म्हणाली.

आता ती आवृत्ती चालवते आणि मी तिच्या हाताखाली काम करते. पहिलं काम तिनं मला दिलं ते जुने नियम नव्या पद्धतीत आणायचं. नमुन्याचे नियम म्हणून मी सुरुवातीच्या वर्षांत जे लिहिले होते, ते सगळ्या लॅबनी जसेच्या तसे उचललेले. बदल तिचं यंत्रच करतं. फक्त साच्यातलं नाव आधीपासून कुठं असेल तर तिथं थांबतं आणि विचारतं, नवी वाटी म्हणायचं होतं की तीच? ते लिहिणाऱ्यालाच माहीत. म्हणजे मलाच.

यंत्र एकेचाळीस जागी थांबलं. पस्तीस जागी मला नवीच म्हणायची होती. सहा जागी ‘तीच’ म्हणायची होती आणि मी चिन्ह लावलेलं नव्हतं. माझ्या हातचे, मी बघून, तपासून पाठवलेले नियम. दोन ठिकाणी त्यामुळे लॅबवाल्यांना नुसतं जास्तीचं काम पडत होतं. चार ठिकाणी अडायला हवं ते सुटत होतं, आणि ते किती वर्षं, ते मला मोजवेना.

सहाही एका कागदावर उतरवून मी तिच्या टेबलावर ठेवले. यादी वाचताना तिचा चेहरा उतरला. मी उभीच राहिले. बसवेना. तिनं लॅबच्या नंबरांची यादी काढली आणि सगळ्यात मोठ्या लॅबला पहिला फोन लावला. आपण नवी आवृत्ती बघतो असं सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

“आमच्याकडून चूक झाली आहे,” ती फोनवर म्हणाली.

आमच्याकडून. त्या सहांतली एक ओळसुद्धा तिची नव्हती. तिच्या जागी मी असते तर नाव घेऊन सांगितलं असतं. मी शेजारच्या टेबलावरचा फोन ओढला, यादीतला दुसरा नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर तिच्याकडून ऐकलं होतं तेच, जसंच्या तसं, म्हणाले.